प्रवेशधोरणाची संहिता आणि तिचे वाचन

हस्तलिखिते, खाजगी पत्रव्यवहार आणि जुनी नियतकालिके यांच्या प्रतिमा काढून त्या क्लाउड स्टोरेजमध्ये ठेवण्याची प्रथा आपल्या विद्यापीठांत आता रूढ होत चालली आहे. अशा संग्रहांविषयी चर्चा होते ती बहुधा प्रतिमांचा दर्जा, सूचीची पद्धत आणि खर्च यांच्याभोवती. संग्रह कोणाला दिसावा व कोणाला दिसू नये हा निर्णय मात्र ‘तांत्रिक बाब’ म्हणून संगणक विभागाकडे सोपविला जातो. वस्तुतः हा निर्णय एका लहानशा लिखित संहितेत असतो, आणि ती संहिता वाचता येणे हे संग्रहाच्या अभ्यासकाचेही काम आहे, असे माझे मत झाले आहे. त्यास एक प्रसंग कारण झाला. तो यथाक्रम येईल. तत्पूर्वी संहितेचे स्वरूप पाहू.

उदाहरणासाठी ॲमेझॉनची एस-थ्री ही सेवा घेतो. ती मार्च २००६ मध्ये सुरू झाली व आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तीत फायली ज्या नामांकित भांड्यात ठेवतात त्यास ‘बकेट’ व प्रत्येक फाईलीस ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. बकेटला जोडलेले प्रवेशधोरण वेब एपीआयद्वारे बसविता येते. म्हणजे, पडद्यावरील कळा न दाबता, ठरलेल्या पत्त्यावर ठरलेल्या स्वरूपाची विनंती पाठवून. बकेटच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह व ‘पॉलिसी’ हा शब्द जोडला की तो धोरणाचा पत्ता झाला. त्या एकाच पत्त्यावर तीन क्रियापदे चालतात. ‘गेट’ म्हटले की असलेले धोरण वाचावयास मिळते, ‘पुट’ म्हटले की सोबत धाडलेले धोरण बसते, ‘डिलीट’ म्हटले की ते नाहीसे होते. विनंतीवर गुप्त किल्लीने काढलेली गणिती सही असावी लागते. पाठविणाऱ्याचे घड्याळ पंधरा मिनिटांहून अधिक चुकलेले असेल तर सही बरोबर असूनही विनंती परत येते. ‘पुट’ यशस्वी झाल्यास उत्तरादाखल २०४ हा आकडा येतो. त्याचा अर्थ, काम झाले, सांगण्यासारखे काही नाही. या मितभाषी उत्तराकडे पुढे परत यावयाचे आहे.

धोरणाची भाषा जेसन या लेखनपद्धतीत असते. तिचे एकेक विधान व्याकरणाच्या विद्यार्थ्यास ओळखीचे वाटावे असे आहे. ‘प्रिन्सिपल’ हा कर्ता, ‘ॲक्शन’ ही क्रिया, ‘रिसोर्स’ हे कर्म, ‘कंडिशन’ ही उपाधी. आणि ‘इफेक्ट’ या पदात विधी की निषेध ते सांगितलेले, म्हणजे ‘अलाउ’ किंवा ‘डिनाय’. कर्माच्या लेखनात एक बारकावा आहे. बकेटमधील सूची पाहणे ही बकेटवरील क्रिया होय; ऑब्जेक्ट वाचणे ही ऑब्जेक्टवरील. पहिलीचे कर्म नुसते बकेटचे नाव, दुसरीचे कर्म त्या नावापुढे तिरकी रेघ व तारका. तारका विसरली की क्रिया व कर्म यांचा अन्वयच लागत नाही आणि संहिताच नाकारली जाते. ज्याला सूची पाहण्याचा अधिकार नाही त्याने अस्तित्वातच नसलेली फाईल मागितली तरी त्यास ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाकारला’, हेच उत्तर येते. ‘अशी वस्तू नाही’ असे सांगणारे ४०४ नव्हे. दार बंद आहे एवढेच कळते, आत काही आहे की नाही हे कळत नाही. आपल्याकडे महानुभावांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत ग्रंथ लिहून ठेवले. तेथे पोथी हाती येऊनही अर्थ हाती येत नसे, व विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपींचा उलगडा झाल्यावरच तो मोकळा झाला. प्रवेशधोरणाचा प्रकार निराळा आहे. ते अर्थास हात लावीत नाही, पोथीच पुढे येऊ देत नाही.

आता मुख्य मुद्दा. या भाषेत मौनाचा अर्थ नकार असा आहे. ज्याविषयी कोठेही काही म्हटलेले नाही ते निषिद्ध. परवानगी मिळावयाची तर ती शब्दांत लिहिलेली हवी. आणि निषेध लिहिलेला असेल तर तो कोणत्याही परवानगीहून बलवत्तर. येथे संस्कृत परंपरेत वाढलेल्या वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. उत्सर्ग आणि अपवाद यांच्यात विरोध आला तर अपवाद वरचढ ठरतो, ही पाणिनीय शास्त्राची शिकवण आपल्या अंगवळणी पडलेली असते. त्यामुळे ‘या विभागातील पत्रे कोणीही पाहू नयेत’ असे एक सर्वसाधारण विधान व ‘अमुक अभ्यासकाने ती पाहावीत’ असे दुसरे विशेष विधान लिहिले, तर दुसरे पहिल्याचा अपवाद होईल असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. विधान विशेष आहे की सामान्य, आधी आले की नंतर, यांपैकी कशालाही येथे किंमत नाही. निषेध लागू पडला की विचार संपला.

मग निषेधाला अपवाद करावयाचा कसा? निषेधाच्या पोटातच. मीमांसकांनी प्रतिषेध व पर्युदास असा जो भेद केला आहे तो येथे अक्षरशः उपयोगी पडतो. प्रतिषेधात ‘करू नये’ असे म्हटले जाते. पर्युदासात ‘अमुक सोडून’ एवढे म्हणून मूळ वाक्याचे क्षेत्रच आखले जाते. ‘या दोन रखवालदारांखेरीज इतर सर्वांना मनाई’ असे उपाधीद्वारा लिहिले म्हणजे त्या दोघांच्या बाबतीत निषेध उत्पन्नच होत नाही. अर्थात तेवढ्याने परवानगीही उत्पन्न होत नाही. ती स्वतंत्रपणे लिहावी लागते.

शब्दार्थाच्या बाबतीतही सावध असावे. संहितेच्या आरंभी ‘व्हर्शन’ या पदापुढे २०१२-१०-१७ असा दिनांक असतो. नवखा लेखक तेथे आजची तारीख घालतो व संहिता नाकारली जाते, कारण तो लेखनाचा दिनांक नसून धोरणभाषेच्या आवृत्तीचा आहे. तो गाळल्यास २००८-१०-१७ ही जुनी आवृत्ती गृहीत धरली जाते, आणि तीत वाचकाचे नाव आपोआप भरून घेणारी चलपदे नुसती अक्षरे म्हणून वाचली जातात. संहिता स्वीकारली जाते, अर्थ मात्र बदललेला असतो. याहून घातक ठरला तो जुन्या परवाना-याद्यांमधील ‘ऑथेंटिकेटेड’ हा शब्द. आपल्या संस्थेतील ओळख पटलेली माणसे, असा त्याचा अर्थ अनेकांनी घेतला. खरा अर्थ, जगात कोठेही या सेवेचे खाते उघडलेला कोणीही. पुढे २०१८ मध्ये सार्वजनिक प्रवेश एकदम रोखणारी एक सोय आली व एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटमध्ये ती आरंभापासून चालू असते. त्या परवाना-याद्याही आरंभापासून बंद असतात. तथापि ही सोय परक्यांपासून रक्षण करते. परिचितांपैकी चुकीच्या माणसास दार उघडले गेले, तर ते तिला दिसत नाही.

आमच्या बाबतीत नेमके हेच झाले. मी अतिथी म्हणून होतो त्या एका विद्यापीठात एका दिवंगत लेखकाचा पत्रसंग्रह कुटुंबाने दिला होता. अट एकच होती. काही पत्रांत हयात व्यक्तींच्या खाजगी जीवनाचा उल्लेख असल्याने ती त्यांच्या हयातीत कोणी पाहू नयेत. धोरणात दोन विधाने होती. एकाने सात अभ्यासकांना संग्रह वाचण्याची परवानगी दिली होती; दुसऱ्याने दोन रखवालदारांखेरीज सर्वांना त्या बंद पत्रांची मनाई केली होती. आठवा अभ्यासक आला तेव्हा आमच्या साहाय्यक बाईंनी आठही नावांचे परवानगीचे विधान नीट लिहून ‘पुट’ केले. उत्तर आले २०४. परंतु ‘पुट’ म्हणजे भर घालणे नव्हे. ‘पुट’ म्हणजे जुनी संहिता काढून तिच्या जागी नवी ठेवणे. दुसरे विधान गेले. आणि अकरा दिवस कोणाचीही तक्रार आली नाही, कारण परवानगी गेली तर वाचक ओरडतो, निषेध गेल्याने कोणाचेच काही अडत नाही. नव्या अभ्यासकाने एका पत्राचा संदर्भ मजजवळ सहज काढला तेव्हा मला घाम फुटला. तो गृहस्थ सज्जन; काढलेली टिपणे त्याने आपण होऊन आणून दिली. दोष बाईंचा म्हणणे अन्यायाचे होते. आधी ‘गेट’ करून असलेली संहिता वाचावी, तिची प्रत दिनांकासह ठेवावी, बदल त्या प्रतीत करावा, मग संपूर्ण संहिता ‘पुट’ करावी आणि पुन्हा ‘गेट’ करून ताडून पाहावी, हा पाठभेद पाहणाऱ्या संपादकाचा शिरस्ता आम्ही कोणीच तिला सांगितला नव्हता. आणि पाठचिकित्सा तर मी वर्गात शिकवीत होतो.

लेखकाच्या वृद्ध भगिनींना हे कळविणे भाग होते. मी स्वतः गेलो. त्यांनी कोण चुकले हे विचारले नाही. म्हणाल्या, “तो हुकूम जिथं लिहिलाय तो कागद मला मराठीत करून द्या.” अनुवाद जेमतेम पाऊण पान झाला. तो त्यांनी दोनदा वाचला व दुसऱ्या विधानातील रखवालदारांच्या नावांवर बोट ठेवून विचारले, “हे निवृत्त झाले आणि याच नावाचा दुसरा कोणी आला, तर?”

प्रश्न अचूक होता. कर्त्याच्या जागी लिहिलेले नाव ही सेवा त्या खात्याच्या अंतर्गत क्रमांकाशी बांधून टाकते. खाते काढून त्याच नावाने नवे उघडले तरी जुना अधिकार त्यास मिळत नाही. परंतु आमची नावे उपाधीत होती, आणि उपाधीतील नाव ही केवळ अक्षरे असतात. ती जुळली की पुरे. मी त्यांना तसे सांगितले. त्याच आठवड्यात आम्ही नावांच्या जागी क्रमांक घातले, संहिता पुन्हा बसविली, आणि तिची छापील प्रत अनुवादासह देणगीपत्रास जोडून त्यांच्याकडे पाठविली.