घरचे मॉइश्चरायझर बनवताना पाणी का टाळावे?

गंगाखेड : गोदाकाठी थंडी वाढली की हातपाय उलतात. प्राण्यांवर सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या घेण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे. घरी करतानाही प्राणिजन्य काहीच नको असेल, तर खोबरेल तेल पुरेसे आहे.

कसे बनवाल? तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवा. तेल पातळ झाले की स्वच्छ, कोरड्या डबीत ओता. साधारण २४ अंशांखाली ते थिजते.

काय टाळाल? ताजी कोरफड, गुलाबपाणी, ओले बोट. पाण्याचा अंश गेला की जंतू वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत.

कसे लावाल? अंघोळीनंतर, त्वचा ओलसर असतानाच. तेल ओलावा देत नाही, असलेला टिकवते. आधी कोपराच्या आत लावून दिवसभर पाहा. भेगांतून रक्त येत असल्यास डॉक्टरांना दाखवा.