कोवळा टोमॅटो इथिलीन देऊनही नीट का पिकत नाही?

बाजारभाव वाढला की तोडा लवकर करण्याचा मोह होतो. अशी हिरवी फळे रायपनिंग चेंबरमध्ये ठेवली, तर काही लाल होतात. काही चट्ट्यापट्ट्यांनी रंगतात किंवा सुकतात. अशा वेळी इथिलीनची मात्रा वाढवून उपयोग नसतो, कारण कमतरता फळाच्या पक्वतेत असते.

रंग, मऊपणा आणि सुगंध देणारी जनुके कोवळ्या फळातही असतात. मात्र त्यांपैकी अनेकांच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गटाच्या रासायनिक खुणा असतात. जनुक तेच राहते, पण या खुणा कुलपासारख्या काम करतात. यालाच एपिजेनेटिक नियंत्रण म्हणतात. फळ पक्व होऊ लागले की डीएमएल-२ हे विकर खुणा पुसते. त्यानंतरच इथिलीनच्या संदेशाला फळ पूर्ण प्रतिसाद देते.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिथाइल खुणा रोखणारे रसायन कोवळ्या टोमॅटोत टोचले, तेव्हा बी पक्व होण्याआधीच फळ पिकू लागले. हे रसायन प्रयोगशाळेपुरतेच आहे. शेतात किंवा फळांवर वापरायचे नाही.

तोड्याआधी तपासणी

प्लॉटमधील चार-पाच हिरवी फळे धारदार सुरीने आडवी कापा.
- बिया कापल्या गेल्या, गर घट्ट असला : फळ कोवळे आहे, थांबा.
- बिया सुरीखालून सरकल्या, भोवती जेलीसारखा गर असला : फळ हिरवे पक्व आहे. लांबच्या बाजारासाठी तोडा करता येईल.
- टोकाला गुलाबी-पिवळसर छटा आली : पिकणे सुरू झाले आहे. जवळच्या बाजारासाठी ही अवस्था उत्तम.

पिकवण आणि साठवण

चेंबरमध्ये तापमान १८ ते २१ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवा. इथिलीन १०० पीपीएमपेक्षा जास्त नको. कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे.

पिकलेला टोमॅटोही फार थंड ठेवू नका. ५ अंशाला आठवडाभर ठेवलेल्या फळांत सुगंधाच्या काही जनुकांवर मिथाइल खुणा पुन्हा वाढल्याचे २०१६ मध्ये दिसले. फळ बाहेर काढल्यावर खुणा कमी झाल्या, पण गेलेला सुगंध पूर्ण परतला नाही. त्यामुळे साठवण साधारण १२ अंशांच्या वरच ठेवा.

भाव कितीही चांगला असला, तरी आधी फळ कापून पाहा. कोवळा माल चेंबरमध्ये पक्व होत नाही. तिथे फक्त पक्व माल पिकतो.