आळंदी ते देहू: साडेतीनशे वर्षांत मराठीचं काय झालं?

मध्ययुगात इंग्रजी कशी बदलली, हे आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. १०६६ मध्ये नॉर्मन आले, दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच चालू लागली, शब्द आत आले, जुने विभक्तिप्रत्यय गळाले. हाच प्रश्न मराठीला विचारायचा असेल तर पिंपरी-चिंचवडपासून फार लांब जावं लागत नाही. आळंदीला ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली. त्याच इंद्रायणीच्या वरच्या अंगाला, देहूला, १६५० पर्यंत तुकाराम होते. गाथा आपण बरीचशी टीपांशिवाय वाचतो, ज्ञानेश्वरी मात्र अडते. का?

पटकन सुचणारं उत्तर म्हणजे फारसी. यादवांचं राज्य गेलं, १३४७ पासून बहमनी, मग निजामशाही, आदिलशाही. कारभाराची भाषा फारसी झाली. याचा पुरावा आजही चाकण एमआयडीसीच्या गेटवर सापडतो. कारखाना फारसी, हजेरी अरबीतून आलेली. (पगार मात्र पोर्तुगीज!) ‘शिवाय’ आणि ‘बद्दल’ हेही अरबी मुळाचे, म्हणजे नुसती नामंच नाही, शब्दयोगी अव्ययंसुद्धा उसनी आली.

‘कामगार’पाशी जरा थांबा. फारसीत ‘कामगार’ हा शब्द आहेच, पण त्याचा अर्थ ‘भाग्यवान’, कारण तिथे ‘काम’ म्हणजे इच्छा. आपलं ‘काम’ संस्कृत ‘कर्म’वरून प्राकृतातून आलेलं, त्याला ‘गुन्हेगार’मधला फारसी ‘गार’ जोडला. रूप सारखं दिसलं की व्युत्पत्ती सापडली असं समजू नका.

आता गंमत बघा. ज्ञानेश्वरी अडते ती फारसीमुळे नाहीच. तिथे फारसी जवळपास नाही! अडतं ते व्याकरण. देवु, लोकु, अर्जुनु यांतला शेवटचा उकार पुढे गेला. ‘कीजे’सारखी कर्मणी रूपं बोलण्यातून गेली, त्यांतलं ‘म्हणिजे’ मात्र ‘म्हणजे’ होऊन राहिलं आणि आपण ते दिवसातून शंभरदा वापरतो. शब्दाच्या शेवटचा स्वर दुबळा होत जाणं हे मराठीचं स्वतःचं, आधीपासून चाललेलं काम होतं. इंग्रजीतही प्रत्ययांची झीज नॉर्मन येण्यापूर्वीच सुरू झाली होती. राज्य बदललं आणि भाषा बदलली, दोन्ही खरं. पण एकामुळे दुसरं, हे प्रत्येक बदलासाठी वेगळं सिद्ध करावं लागतं. माझ्या मते बहुतेक सिनॉप्सिस इथेच ढेपाळतात.

दुसरी अडचण पोथ्यांची. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. राजवाड्यांनी १९०९ मध्ये वेगळी प्रत छापली, तिची रूपं जुनी वाटतात. मग तुम्ही उचललेलं रूप कोणत्या शतकाचं? नकलाकार लिहिताना नकळत आपल्या काळची मराठी घालतो. म्हणून काळ ठरवायला शिलालेख आणि मिती घातलेली पत्रं जास्त भरवशाची.

पण पत्रांतही फसगत आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात सुमारे १,४०० दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. यावरून कचेरीत फारसी किती मुरली होती ते कळतं. चाकणच्या बाजारात भाजी विकणारी बाई काय बोलत होती, ते नाही कळत. ज्ञानेश्वरी आणि आदिलशाही फर्मान शेजारी ठेवून ‘मराठी इतकी बदलली’ म्हणणं म्हणजे कीर्तन आणि सातबारा यांची तुलना करणं.

त्यामुळे विषय छोटा घ्या: एकच प्रत्यय, एकाच जातीची कागदपत्रं, दोन टोकांच्या तारखा. शब्दांच्या मुळासाठी मोल्सवर्थचा कोश उघडा. तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे आणि नोंदीत मूळ भाषेची खूण देतो. ती खूण पहिला अंदाज म्हणून घ्या, आणि मग फारसी कोशात अर्थ ताडून बघा.