एचपीएस-१ जनुक
एचपीएस-१ जनुक : हर्मान्स्की-पुडलॅक या आनुवंशिक विकाराशी निगडित मानवी जनुक. हे दहाव्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवर असून त्याचा शोध १९९६ मध्ये लागला. विकाराचे वर्णन एफ्. हर्मान्स्की व पी. पुडलॅक या चेक वैद्यांनी १९५९ मध्येच केले होते. या जनुकापासून बनणारे प्रथिन लायसोसोमांशी संबंधित कोशिकांगांच्या घडणीस आवश्यक असते. ते सदोष असल्यास रंजककण नीट बनत नाहीत. त्वचा, केस व डोळे यांत वर्णहीनता येते आणि दृष्टी अधू होते. बिंबाणूंत घन कणिका नसल्याने रक्तस्राव लवकर थांबत नाही. मध्यम वयात फुप्फुसे तंतुमय होऊन मृत्यू ओढवू शकतो. विकार अप्रभावी असून मातापित्यांपैकी दोघांकडूनही सदोष जनुक आल्यासच उद्‌भवतो. प्वेर्त रीकोच्या वायव्य भागात त्याचे प्रमाण सु. १,८०० व्यक्तींत एक आहे. वर्णहीन व्यक्तीस सहज रक्तस्राव होत असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी बिंबाणूंची तपासणी करणे व ॲस्पिरीन टाळणे इष्ट असते.