दंतमूलाग्राच्या शस्त्रक्रियेत लेसर किरण

मूलनलिकेवर उपचार करूनही मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग टिकून राहिल्यास हिरडी उघडून सुमारे ३ मिलिमीटर टोक छेदून टाकावे लागते. १९६० साली मेमन यांनी सिद्ध केलेल्या माणिक-लेसराची उष्णता दाताला सोसणारी नव्हती. अर्बियम-याग लेसराची २९४० नॅनोमीटर तरंगलांबी मात्र पाण्यात तत्काळ शोषली जाते. दंतिनातील पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन सूक्ष्म स्फोटांनी कठीण ऊतक सुटते. उष्णता खोलवर पसरत नाही. तरीही पाण्याचा फवारा अनिवार्यच होय; कारण ४७ अंश सेल्सियस तापमान मिनिटभर टिकले तरी अस्थीला इजा पोहोचते. तथापि छेद कितीही निर्मळ असला, तरी मूलाग्राचे भरण घट्ट बसले नाही तर जंतूंची वाट मोकळीच राहते.