सेसिल घराणं: कर्तव्याची जाणीव आणि जाब

'इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं' असं आपण सहज बोलून जातो. पण कुठल्या इंग्रजांनी? १८६६ साली इंग्लंडमधल्या बहुतेक कामगारांना मताचा अधिकारही नव्हता. राज्यकारभार मोजक्या घराण्यांच्या हाती होता. त्यांपैकी एक घराणं आज आपण जरा जवळून पाहू: सेसिल घराणं.

या घराण्याचा मूळपुरुष विल्यम सेसिल हा पहिल्या एलिझाबेथ राणीचा मुख्य मंत्री. त्याच्यामागून त्याचा मुलगा रॉबर्ट राणीचा सचिव झाला. १६०० च्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली तेव्हा तो त्या पदावर होता. मधली अडीचशे वर्षं आपण सोडून देऊ, कारण आपल्याला हवा आहे तो याच वंशातला एकोणिसाव्या शतकातला माणूस, लॉर्ड सॅलिस्बरी. तो दोनदा भारतमंत्री झाला आणि तीनदा पंतप्रधान.

१८६६ च्या जुलैत तो पहिल्यांदा भारतमंत्री झाला. ओरिसात तेव्हा दुष्काळ होता. आदल्या वर्षी भाताचं पीक बुडालेलं. बाहेरून तांदूळ आणू द्या, ही मागणी कलकत्त्याच्या महसूल मंडळानं फेटाळली होती. व्यापारी आणतीलच, असा त्यांचा हिशेब. मग पावसाळा लागला, बंदरं बंद झाली. सुमारे दहा लाख माणसं गेली. सॅलिस्बरीनं पुढे स्वतःच कबूल केलं, की धोक्याची सूचना मिळूनही आपण अधिकाऱ्यांवर विसंबून दोन महिने काही केलं नाही आणि त्या दोषातून आपल्याला पूर्ण सुटका कधीच वाटली नाही.

आता इथे जरा थांबू. या माणसाला खंत वाटली. आपण ती खोटी मानण्याचं कारण नाही. पण तत्त्वज्ञानात आपण दोन गोष्टी वेगळ्या करतो. कर्तव्याची जाणीव असणं ही एक, आणि कुणाला तरी जाब द्यावा लागणं ही दुसरी. पहिली माणसाच्या मनात असते. दुसरी व्यवस्थेत असावी लागते. ओरिसातला शेतकरी त्याला पदावरून काढू शकत नव्हता. त्याला साधा प्रश्न विचारण्याची जागाही त्या शेतकऱ्याकडे नव्हती.

आणि ही जाब विचारणारी माणसं वाढू नयेत, हे सॅलिस्बरीचं ठाम मत होतं. १८६७ मध्ये शहरी कामगारांना मताधिकार देण्याचा कायदा आला, तेव्हा त्याच्या विरोधात त्यानं मंत्रिपद सोडलं. म्हणजे अविश्वास घरच्यांवरही होताच.

१८७४ मध्ये तो पुन्हा भारतमंत्री झाला. पुढच्याच वर्षी त्यानं एक टिपण लिहिलं. आशय असा: हिंदुस्थानचं रक्त काढायचंच असेल, तर जिथे रक्त साचलं आहे तिथे शस्त्र लावावं, आधीच अशक्त झालेल्या शेतकऱ्यांना नव्हे. आपण काय करतो आहोत, हे त्याला नीट कळत होतं. दादाभाई नौरोजींनी हेच टिपण आपल्या 'ड्रेन'च्या मांडणीत पुनःपुन्हा पुढे केलं. शोषणाची कबुली खुद्द मंत्र्याच्या हातची, मग आणखी पुरावा कशाला! याच कारकिर्दीत सनदी परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आली. एवढ्या कोवळ्या वयात समुद्र ओलांडून परक्या भाषेत परीक्षा देणार कोण? दार उघडं ठेवायचं, पण उंबरठा वाढवायचा.

आपल्या मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई १८८६ मध्ये लंडनमधून पार्लमेंटसाठी उभे राहिले आणि हरले. दोन वर्षांनी एडिंबरोच्या सभेत पंतप्रधान सॅलिस्बरी म्हणाला, की ब्रिटिश मतदार काळ्या माणसाला निवडून देतील, इतके अजून पुढे गेलेले नाहीत. या उद्गारानं उलटंच झालं. दादाभाईंचं नाव इंग्लंडभर झालं. १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले, बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी. त्याच निवडणुकीनंतर सॅलिस्बरीचं सरकारही गेलं.

असो. पण घराणं गेलं नाही. १८९५ मध्ये तो परत आला आणि १९०२ मध्ये त्याच्यामागून पंतप्रधान झाला तो त्याचा सख्खा भाचा, आर्थर बाल्फोर. बंगालची फाळणी झाली ती बाल्फोरच्याच कारकिर्दीत. १९१७ मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून त्यानं पॅलेस्टाइनबद्दलचं ते प्रसिद्ध पत्र लिहिलं. तिथे राहणाऱ्या बहुसंख्य अरबांना कुणी विचारलं नव्हतं. आफ्रिकेत ऱ्होडेशियाच्या राजधानीला सॅलिस्बरीचं नाव होतं. १९८२ मध्ये ती हरारे झाली.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं, की सॅलिस्बरीचाच एक मुलगा, रॉबर्ट सेसिल, राष्ट्रसंघाच्या उभारणीत झटला आणि त्याला १९३७ चं शांततेचं नोबेल मिळालं. तेव्हा ही सगळी माणसं दुष्ट होती, असं आपलं म्हणणं नाही. त्यांच्यात विद्वान होते, सचोटीचे होते, खंत करणारेही होते.

म्हणून तर हे उदाहरण आपल्या कामाचं आहे. राज्यकर्ता दुष्ट असला की गोष्ट सोपी होते. तो गेला की प्रश्न संपला, असं वाटतं. इथे राज्यकर्त्याला सदसद्विवेक होता, माहिती होती, आणि तरीही दहा लाख माणसं वाचली नाहीत. आज आपल्याकडेही घराणी आहेत आणि 'साहेब मनानं चांगले आहेत' असं आपण कौतुकानं म्हणतो. असतील. आपला प्रश्न तो नाहीच. साहेबांना जाब कोण विचारणार, आणि उत्तर नाही मिळालं तर पुढे काय, एवढंच आपल्याला विचारायचं आहे.