महागडा सर्व्हर आणि स्वरांची गोडी

गाण्याच्या नादापायीं पैसा खर्च करणारीं माणसें प्रत्येक पिढींत आढळतात. पूर्वीं हा पैसा ग्रामोफोनवर व तबकड्यांवर जात असे. हल्लीं तो स्ट्रीमिंग सर्व्हरवरही जाऊं लागला आहे. इंटरनेटवरून किंवा घरच्या साठ्यांतून गाणें आणून तें ध्वनियंत्रणेकडे पोंचविणें, एवढेंच या यंत्राचें मुख्य काम. तें कांहीं हजार रुपयांचा लहानसा संगणकही करतो. परंतु बाजारांत लाखों रुपयांचे सर्व्हर आहेत, आणि त्यांच्यामुळें स्वर अधिक मोकळा लागतो असें विकणारे सांगतात. हें कितपत खरें मानावें?

याचा निर्णय करण्यासाठीं गाण्याचा प्रवास पाहिला पाहिजे. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीच्या पद्धतींत ध्वनीचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेऊन प्रत्येक माप १६ बिटांत नोंदलेलें असतें. सर्व्हर पाठवितो तो सूर नव्हे, तर अशा आंकड्यांची यादी. वाटेंत हे आंकडे लहान लहान पुडक्यांत बांधलेले असतात व प्रत्येक पुडक्यावर पडताळ्याची खूण असते. एखादें पुडकें बिघडलें, तर तें टाकून देऊन पुन्हां मागविलें जातें. आलेले आंकडे क्षणभर सांठवून ठेवून चांगलें उपकरण ते स्वत:च्या घड्याळाच्या ठेक्यावर उचलतें. पोस्टमन भरजरी पोशाख घालून आला, म्हणून पत्रांतला मजकूर बदलत नाहीं.

तथापि शंकेस मुळींच जागा नाहीं असें नव्हे. आंकड्यांचें पुन्हां ध्वनिरूपांत परिवर्तन करणाऱ्या उपकरणास डॅक म्हणतात. संगणकांतील विजेची खरखर यूएसबी तारेवाटे तेथें शिरूं शकते, व डॅकची बांधणी कच्ची असल्यास ती ऐकूंही येते. पण यावरील उपाय मोठ्या खर्चाचा नाहीं. प्रकाशवाहक तार वापरली कीं विजेचा संबंधच तुटतो. सर्व्हरच्या पोटांतच डॅक असेल, तर ऐकूं येणारा फरक त्या डॅकचा असण्याचा संभव अधिक.

मग अनेकांना फरक स्पष्ट जाणवतो, त्याचें काय? ते खोटें बोलत नाहींत. एका यंत्राचा आवाज किंचित् मोठा असला तरी तें अधिक गोड वाटतें, आणि किंमत ठाऊक असली कीं कान तिकडे झुकतो. म्हणून चांचणी झांकूनच घ्यावी लागते. अमेरिकेंत ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरान यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या चांचण्यांत, उच्च प्रतीचें ध्वनिमुद्रण आणि तेंच सीडीच्या मापांत उतरविलेलें, यांतील भेद श्रोत्यांना ओळखावयाचा होता. ५५४ खेपांपैकीं २७६ उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवून जवळजवळ तेवढींच आलीं असतीं. तेथें तर आंकडेच निराळे होते. सर्व्हर बदलला तरी आंकडे तेच राहतात.

अशी परीक्षा घरींही घेतां येते. दोन्ही सर्व्हर एकाच डॅकला जोडून आवाज समान ठेवावा, व दुसऱ्या कोणी पडद्याआड नाणें उडवून यंत्र निवडावें. दहांपैकीं निदान नऊ वेळां ओळख पटली, तर फरकाचा विचार करावा. केवळ अदमासानें तसें घडण्याचा संभव शेंकडा एकाच्या आसपास आहे.

सुबक बांधणी, निमूटपणें चालणारें यंत्र, गाणें सहज सांपडण्याची सोय, यांसाठीं कोणी जास्त पैसे मोजले तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र गोडीसाठींच पैसा काढावयाचा असेल, तर तो स्पीकरवर व खोलीवर खर्च करावा. आवाज खरोखर तेथें घडतो व बिघडतो. चांगले स्पीकर आले, उघड्या भिंतींवर जाड पडदे लागले, तरी लाखांतले कांहीं रुपये उरतील, आणि त्यांत वर्षभराच्या मैफलींचीं तिकिटें निघतील.